कंपनीने बसवलेले टायर बदलायचे का, आणि बदलायचे तर कसे

प्रश्न थोडक्यात असा: सात महिन्यांची पेट्रोल हॅचबॅक, ९,००० किमी झालेली. टायर १८५/६५ आर१५. राहायला घोडबंदर रोडला, ऑफिस महापेला, महिन्यातून एकदोनदा पुणे. टायर आवाज करतात, आणि मागच्या पावसाळ्याच्या शेवटी विटाव्याच्या उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी घसरत पुढे गेली. मित्र म्हणतात, ‘कंपनीचे टायर काढून टाक, मिशेलिन घाल.’ आता एप्रिल चालू आहे. लगेच बदलावेत का? आणि जास्त रुंद, १९५ चे बसवले तर चालेल का?

आधी निकाल सांगतो. टायर बदला, पण आज नाही, मे महिन्याच्या शेवटी. साइज १८५/६५ आर१५ हीच ठेवा. आणि दुकानात गेल्यावर ब्रँडचं नाव घेण्याआधी ‘ओल्या रस्त्यावर ब्रेक चांगला लागणारं मॉडेल कोणतं’ हे विचारा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत जेवढा फरक असतो, तेवढा कित्येकदा दोन कंपन्यांतही नसतो.

पण दुकानात जाण्याआधी एक फुकटचं काम करा: हवा तपासा. नव्या गाड्या कारखान्यातून शोरूमपर्यंत येताना टायरमध्ये मुद्दाम जास्त हवा भरलेली असते, कारण गाडी आठवडेच्या आठवडे यार्डात उभी राहते. डिलिव्हरीच्या वेळी ती कमी करायची असते आणि बरेचदा राहून जाते. मग पंपावरचा माणूस ‘किती भरू?’ विचारतो, आपण ‘पस्तीस’ म्हणतो आणि तेच चालू राहतं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचा आकडा दिलेला असतो. तो थंड टायरचा आकडा आहे, म्हणजे सकाळी गाडी काढण्यापूर्वीचा. दहा-पंधरा किलोमीटर चालवल्यावर दाब सहज ३-४ पीएसआयने वाढतो, तेव्हा गरम टायरची हवा कमी करून आकडा जुळवू नका. पंपावरच्या दोन मशीन एकसारखा आकडा दाखवतीलच असं नाही, म्हणून स्वतःचा डिजिटल गेज घ्या. स्टिकरवर ३३ असताना टायरमध्ये ४० निघाले, तर टायरचा मधला पट्टाच रस्त्याला नीट टेकतो, प्रत्येक सांधा आत ऐकू येतो आणि ब्रेक लांबतो. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचा काही भाग इथेच मिटू शकतो.

आवाजाचं आणखी एक. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे काँक्रीटचा आहे आणि काँक्रीटवर पाणी वाहून जावं म्हणून आडव्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. त्यावर कोणताही टायर शिट्टीसारखा आवाज करतो. तुमच्या टायरचा खरा आवाज ऐकायचा असेल तर चांगल्या डांबरी पट्ट्यावर साठच्या वेगाने, एसी आणि गाणी बंद करून ऐका. तिथेही घूं-घूं येत असेल तरच टायरवर (किंवा व्हील बेअरिंगवर) संशय घ्या. वळणावर एका बाजूला वजन गेलं की आवाज वाढतो किंवा थांबतो, असं असेल तर ते बेअरिंग आहे. टायर बदलून ते जाणार नाही.

कंपनीचे टायर ‘वाईट’ असतात, हे खरं नाही. गाडी बनवणारी कंपनी टायरवाल्याला वजन, किंमत, आवाज आणि विशेषतः रोलिंग रेझिस्टन्स (घरंगळताना टायरचा होणारा विरोध) यांची मर्यादा घालून देते, कारण मायलेजचा आकडा त्यावर अवलंबून असतो. सहज घरंगळणारा टायर पेट्रोल वाचवतो. मात्र रबराच्या मिश्रणात तीन गोष्टींची ओढाताण कायम चालू असते: आयुष्य, ओल्यावरची पकड आणि घरंगळणं. सिलिका आणि महागडं मिश्रण वापरून तिन्ही सांभाळता येतात, पण मग किंमत वाढते. छोट्या गाडीत प्रत्येक रुपया मोजला जातो, त्यामुळे बहुतेक वेळा ओल्यावरची पकड ‘पुरेशी’ ठेवून बाकीच्या दोन गोष्टी साधतात. दुकानात तेच नाव आणि तीच नक्षी असलेला टायर मिळाला तरी तो हुबेहूब तोच असेल असं नाही. गाडीसाठी बनवलेल्या टायरचं मिश्रण वेगळं असू शकतं. म्हणून ‘या ब्रँडचे कंपनीत होते, ते वाईट निघाले, हा ब्रँडच नको’ असा हिशेब करू नका.

पकडीतला थोडासा फरक किती महागात पडतो, ते आकड्यांत बघा. ओल्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक एका टायरला ०.५ आणि दुसऱ्याला ०.६ मिळतो असं धरा. ८० च्या वेगाने पूर्ण ब्रेक दाबला तर पहिली गाडी थांबायला सुमारे ५० मीटर घेते, दुसरी ४२. आठ मीटर म्हणजे दोन हॅचबॅक एकामागे एक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसरी गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे पहिली अजून ताशी ३३ किमी वेगात असते. समोर ट्रकचा मागचा बंपर असेल, तर हा फरक थेट अंगावर येतो. ठाणे पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इथल्या गाडीच्या टायरमध्ये पहिलं मोल ओल्यावरच्या ब्रेकला द्यावं, असं माझं ठाम मत आहे. मायलेज एखाद्या किलोमीटरने कमी झालं तरी चालेल.

आता मॉडेल. बाजारात ढोबळमानाने दोन कुळं आहेत. एक, जास्त किलोमीटर चालणारी: सिएट मायलेझ, अपोलो अमेझर ४जी लाइफ, गुडइयर अश्युरन्स ड्युराप्लस, ब्रिजस्टोन स्टुर्डो. रोज दीडशे किलोमीटर कोरड्यात चालणाऱ्या गाडीला ही उत्तम. दोन, पकड आणि शांतपणा यांच्याकडे झुकलेली: सिएट सिक्युराड्राइव्ह, अपोलो अल्नॅक ४जी, गुडइयर अश्युरन्स ट्रिपलमॅक्स, मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, कॉन्टिनेन्टल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६, ब्रिजस्टोन टुरान्झा ६आय, योकोहामा ब्लूअर्थ. तुम्ही दुसऱ्या कुळातून निवडा. बघा, सिएट, अपोलो, गुडइयर आणि ब्रिजस्टोन ही नावं दोन्हीकडे आहेत. मित्राचं ऐकून ‘मिशेलिन द्या’ एवढंच म्हणालात, तर दुकानदार जे पडून आहे ते देईल. प्रत्येक मॉडेल तुमच्या साइजमध्ये त्या आठवड्यात मिळेलच असंही नाही, म्हणून तीन नावं मनात ठेवून जा.

टायरवर किंवा जाहिरातीत तारे दिसतात, ते बीईईचे, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे. ते मुख्यतः इंधनबचतीचे, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्सचे आहेत. पाच तारे म्हणजे पावसात सर्वांत चांगला, असा त्याचा अर्थ नाही. आयएसआय खूण मात्र साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, असलीच पाहिजे, ती कारच्या टायरला सक्तीची आहे.

१९५ चं उत्तर सविस्तर देतो, कारण दुकानात सर्वांत जास्त आग्रह याचाच होतो. १८५/६५ आर१५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के (सुमारे १२० मिमी) आणि रिम १५ इंची. पूर्ण चाकाचा व्यास ६२१.५ मिमी. १९५/६५ घातला तर व्यास ६३४.५ होतो, दोन टक्के जास्त. स्पीडोमीटर तेवढं कमी दाखवू लागतो, आधी १०२ दिसायचं तिथे १०० दिसतं. शिवाय पिकअप किंचित मरतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात चाक गेलं की आतल्या प्लास्टिकच्या आवरणाला घासण्याची शक्यता वाढते. १९५/६० घेतला तर व्यास ६१५, एक टक्का कमी. हे चालण्यासारखं आहे, पण रिम बघा. रिमच्या आतल्या बाजूला ‘५.५ जे’ किंवा ‘५ जे’ असं कोरलेलं असतं, ती रिमची इंचांतली रुंदी. १९५ ला किमान साडेपाच इंच रुंद रिम लागते. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या लोखंडी रिम पाच इंच रुंद असतात. त्यावर १९५ चढवला की साइडवॉल फुगलेली राहते, टायर वळणावर लोळतो, आणि दहा मिमी जास्त रुंदीचा फायदा होण्याऐवजी स्टिअरिंग सैल वाटू लागतं. रुंद टायर पाण्याच्या थरावर लवकर तरंगतो, हेही लक्षात घ्या.

१६ इंची अलॉयचा मोहही टाळा. १९५/५५ आर१६ चा व्यास ६२१ मिमी, म्हणजे कागदावर तंतोतंत जुळतो. मात्र साइडवॉल १२० वरून १०७ वर येते. मेट्रोच्या कामाने खणलेला घोडबंदर रोड, उखडलेले पेव्हर ब्लॉक, गायमुख घाटातले पावसातले खड्डे: या रस्त्यावर ते तेरा मिलिमीटर म्हणजे रिम आणि खड्ड्याची कडा यांच्यामधली गादी. ती गेली की साइडवॉलमधले धागे तुटून फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. तुमच्याच गाडीच्या टॉप मॉडेलला कंपनी १६ इंची देत असेल, तर ती साइज निर्धास्त आहे. तरीही तुमच्या वापराला १५च बरा.

साइजनंतरचे दोन अंक आणि अक्षर लोक वाचत नाहीत. ८८ एच असेल तर ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किमी. ८४ म्हणजे ५०० किलो, टी म्हणजे १९०. नवा टायर मूळच्या इतका किंवा त्याहून वरचा घ्या, खालचा नको. ‘इथे कोण १९० ने चालवतो?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण वेगाचं अक्षर उष्णता सोसण्याचंही माप आहे. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत आला आहे, त्यामुळे ठाण्याची गाडी मेच्या दुपारी तासन् तास शंभरच्या पुढे चालते. कमी हवा, भरलेली गाडी आणि तापलेलं काँक्रीट एकत्र आलं की टायर फुटतो. त्यात खालच्या अक्षराची भर नको.

मेअखेर का? आज ९,००० किमीला तुमच्या टायरच्या नक्षीची खोली बहुधा सहा मिमीच्या आसपास असेल, नवीन असताना ती सात-आठ असते. कोरड्या महिन्याभरात नवे रबर घासून काय मिळणार? कायद्याने मर्यादा १.६ मिमी आहे. खोबणीतल्या टीडब्ल्यूआयच्या (झीज दाखवणाऱ्या) उंचवट्यापर्यंत टायर घासला की ती गाठली गेली. पण आपल्या पावसात ३ मिमीच्या खाली गेलेला टायर मी चालवू देणार नाही. खोबणीत पाणी मावेनासं झालं की टायर पाण्यावर चढतो. घासलेल्या टायरसाठी जुना ठोकताळा असा: ३३ पीएसआयला साधारण ९५ च्या वेगाला गाडी तरंगते, हवा २२ वर आली तर ७८ लाच. हवेचा आणि पावसाचा संबंध यात स्पष्ट दिसतो.

जुन्या चार टायरला अजून बाजारभाव आहे. ‘एक्स्चेंज’ आणि ‘डिस्काउंट’ एकाच आकड्यात गुंडाळू देऊ नका. आधी नव्या टायरचा भाव घ्या, तो लिहून घ्या, मग जुन्याचा भाव वेगळा विचारा. गाडी शोरूममधून काढल्याबरोबर बदलले असते तर जास्त मिळाले असते. आता वापरलेल्याच्या भावाने जातील, आणखी एका महिन्याने फार फरक पडणार नाही. स्टेपनी त्याच साइजची असेल तर चारातला उत्तम टायर तिथे ठेवायचा विचार करा. ती छोटी आणि ‘८०’ चा स्टिकर लावलेली असेल तर तशीच राहू द्या.

भावाबद्दल एकच: २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. करापूर्वी ६,००० चा टायर आधी ७,६८० ला पडायचा, आता ७,०८० ला पडतो. एमआरपीच्या जुन्या स्टिकरवर ‘भरघोस सूट’ दाखवली जात असेल तर हा हिशेब करून बघा.

टायर रिमवर चढण्याआधी तारीख वाचा. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार अंक असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ०९२६ म्हणजे २०२६ चा नववा आठवडा. चारही अंक टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे दोन्ही बाजू बघा. सहा महिन्यांच्या आतला घ्या. वर्षाच्या पुढचा असेल तर भाव पाडा किंवा सोडा. चारांत दोन-तीन आठवड्यांचा फरक चालतो. बिलावर चारही टायरचे नंबर लिहून घ्या. वॉरंटी टायर कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नव्हे. साइडवॉलचा दावा करायची वेळ आली की आधी हे नंबर मागतात.

आता बसवण्याचं काम. निम्मे चांगले टायर इथेच वाया जातात, म्हणून गाडीजवळ उभे राहा.

टायर उतरवल्यावर रिमची कड तारेच्या ब्रशने साफ करायला सांगा. गंज आणि जुनं रबर राहिलं तर तिथून रोज पाऊण-एक पीएसआय हवा जात राहते, आणि मग महिनाभर पंक्चर शोधत बसावं लागतं. रबरी व्हॉल्व्ह चारही नवे टाका, शंभर-दोनशेचा प्रश्न आहे. टायर चढवताना बीडला, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडेला, पेस्ट लावतात. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू देऊ नका, रबर खराब होतं आणि ब्रेक दाबल्यावर टायर रिमवर सरकतो. कड बसताना टक्-टक् असे दोन आवाज येतात. ४० पीएसआयपर्यंत ते आले नाहीत, तर हवा सोडून पेस्ट लावून पुन्हा प्रयत्न करायचा. साठ-सत्तरपर्यंत दाबून बसवणं धोक्याचं आहे, कड तुटू शकते. नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो, ती त्याची हलकी बाजू. ती व्हॉल्व्हला लागून आली की बॅलन्सिंगला वजन कमी लागतं. लाल ठिपका असेल तर तो वेगळ्या कारणासाठी असतो, त्याला व्हॉल्व्हशी जुळवायची घाई नको. साइडवॉलवर ‘बाहेर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द किंवा फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तसाच बसला आहे ना, हे चारही चाकांना स्वतः बघा.

बॅलन्सिंगला एका बाजूला ५०-६० ग्रॅमच्या वर वजन मागितलं, तर पट्ट्या चिकटवत बसण्याआधी टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगा. बहुतेकदा आकडा निम्म्यावर येतो. तसं झालं नाही तर रिम वाकडी आहे का ते मशीनवर फिरवून बघा. घोडबंदरवाल्या गाडीत ही शंका आधी घ्यावी.

नट हवेच्या गनने पूर्ण आवळू देऊ नका. गनने हलके, मग गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) समोरासमोरचे नट आळीपाळीने. छोट्या गाड्यांत आकडा साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, नेमका मॅन्युअलमध्ये मिळेल. गनने ठोकून आवळलेला नट भर पावसात रस्त्याकडेला तुमच्या पान्याने सुटणार नाही. शिवाय असमान आवळल्याने ब्रेकची डिस्क किंचित वाकून पेडल थरथरू लागतं.

अलाइनमेंटच्या आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा) आणि लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनमधले रबरी सांधे) हलवून बघायला सांगा. ते सैल असतील तर अलाइनमेंट दोन दिवस टिकते आणि नवा टायर एका बाजूने खाल्ला जातो. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो, म्हणजे चाकं वरून पाहता आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, तेवढा जुळवता येतो. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि मागची चाकं जुळवायची सोय नसते. म्हणून ‘चारही चाकांचं कॅम्बर सेट केलं’ असं बिलावर दिसलं तर कुठे आणि कसं, ते विचारा. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट घ्या. नायट्रोजन फुकट असेल तर भरा, पैसे देऊन नको. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा. साच्यातून सुटावा म्हणून टायरवर लावलेल्या द्रवाचा पातळ थर राहिलेला असतो, तो घासून जाईपर्यंत नवा टायर ओल्यावर जुन्यापेक्षाही घसरतो. मेअखेर बसवण्याचं हेही एक कारण आहे: पहिल्या सरीपर्यंत थर गेलेला असतो. पन्नास-शंभर किमीनंतर नट एकदा पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, आणि दर ८-१० हजार किमीला पुढची चाकं मागे घ्या. पुढे कधी दोनच नवे घ्यावे लागले तर ते मागे बसवा. मागच्या चाकांची पकड सुटली की गाडी गिरकी घेते, पुढच्यांची सुटली तर निदान सरळ जाते.

बसवून झाल्यावर काही बिनसलं तर असं ओळखा. ८०-१०० ला स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढचं बॅलन्सिंग, सीट थरथरत असेल तर मागचं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी चारही टायरची हवा सारखी करा. तरीही ओढली आणि टायरवर दिशेचा बाण नसेल, तर पुढची दोन चाकं आपसात बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे, बिल घेऊन दुकानात जा आणि तो टायर बदलून मागा. ओढ त्याच बाजूला राहिली तर अलाइनमेंट पुन्हा करून घ्या, आणि जाताना आधीचा प्रिंट सोबत न्या.